शब्दांची मोजणी आणि मोजणाऱ्याचे निर्णय : होळकरकालीन पत्रांसाठी 'आर' भाषेचे पाच पाठ

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना भाषेच्या अभ्यासकांसाठीही एक मोलाचे काम करून ठेवले. निरनिराळ्या काळांतली मराठी पत्रे घेऊन त्यांतले शब्द त्यांनी मोजले आणि फारसी किती, मराठी किती याचे प्रमाण काढले. १६२८ सालच्या पत्रात फारसी शब्द चार-पंचमांशांहून अधिक निघाले, १७२८ सालच्या पत्रात ते एक-दशांशाहून कमी भरले. या दोन सालांच्या मध्ये शिवाजी महाराजांची कारकीर्द येते आणि रघुनाथपंतांचा 'राज्यव्यवहारकोश'ही येतो. त्यामुळे हे आकडे भाषाशुद्धीच्या प्रत्येक चर्चेत उद्धृत होत आले आहेत.

इंदूरच्या मराठी वाचकाला या मोजणीत रस वाटावा अशी दोन कारणे आहेत. पहिले कारण होळकरांच्या दप्तराचे. वा. वा. ठाकूर यांनी संपादिलेली 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' १९४०च्या दशकात इंदुरातून छापून निघाली. द. ब. पारसनीसांनी संपादिलेली 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' त्याआधीची. माळव्यात लिहिली गेलेली, माळव्याविषयीची मराठी आपल्याजवळ छापील स्वरूपात आहे. राजवाड्यांची मोजणी मात्र तिच्यावर आपण चालवून पाहिलेली नाही. दुसरे कारण आपल्या बोलण्याचे. २०११च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या १.७ टक्के होते. या बारा लाखांच्या मराठीविषयी 'हिंदाळलेली' हा शेरा नेहमी ऐकू येतो. तो कानावर विसंबून दिला जातो, आणि आपण त्याला उत्तर देतो तेही कानावरच विसंबून. एखादी भाषा दुसरीतून किती घेते, हा प्रश्न मोजून तपासता येतो. मात्र मोजायचे कसे, हे आधी शिकावे लागते.

त्यासाठी या लेखात पाच पाठ दिले आहेत. संगणकाची भाषा कधीही न शिकलेल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला ते करता यावेत, अशी त्यांची योजना आहे.

साधन : 'आर' ही भाषा

डेटा मायनिंग म्हणजे पुष्कळ सामग्रीतून, एका वाचनात डोळ्यांना न दिसणारी रचना शोधून काढणे. डेटासाठी मराठीत 'विदा' हा शब्द आता रुळला आहे. हे काम करणाऱ्या अनेक भाषांपैकी 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७६च्या सुमारास 'एस' नावाची भाषा तयार झाली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी 'आर' रचली. दोघांच्या नावाचे आद्याक्षर एकच, हे तिच्या नावामागचे एक कारण. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ती विनामूल्य आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. 'आर-स्टुडिओ' नावाच्या खिडकीत ती वापरणे सोपे जाते, आणि वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेले तिचे संच 'क्रान' या भांडारातून मिळतात. आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. या लेखात त्यांची नावे उच्चारानुसार दिली आहेत.

पाठ पहिला : पत्र यंत्रात आणणे

छापील पुस्तकातून दहा पत्रे निवडावीत आणि ती यूनिकोड देवनागरीत टंकित करावीत. यूनिकोडचा आग्रह एवढ्यासाठी की त्याआधीच्या अनेक छपाई-फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असतात. अशा फाइलीत 'सरकार' शोधले तर ते सापडत नाही. प्रत्येक पत्राची स्वतंत्र मजकूर-फाइल करून ती 'यूटीएफ-८' या संकेतनात जतन करावी. सोबत एक तक्ता ठेवावा. त्यात पत्राचा क्रमांक, पाठवणारा, पावणारा, ठिकाण, पत्राचा प्रकार, पुस्तकाचे पान आणि तारीख हे रकाने असावेत. तारखेचे रकाने दोन करावेत : पत्रात असलेली मूळ तारीख एकात आणि संपादकाने काढलेली इसवी सनाची तारीख दुसऱ्यात. मूळ तारीख शकात किंवा सुहूर सनात असते, आणि रूपांतर हे संपादकाचे काम असल्याने ते वेगळे दिसलेले बरे.

'रीडलाइन्स' या आज्ञेने मजकूर आत येतो. त्यानंतर लगेच लेखनभेदांचा बंदोबस्त करावा लागतो. जुन्या छापील पुस्तकांत 'नाहीं', 'त्यांनीं', 'साधनें' असे अनुस्वार असतात. १९६२च्या लेखननियमांनी ते गेले. वाचकासाठी 'नाहीं' आणि 'नाही' एकच, यंत्रासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द. 'सुऱ्या'मधला अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला भिन्न. 'ॲ'चेही तसेच. 'जीसब' ही आज्ञा एका रूपाच्या जागी दुसरे बसवते. मात्र मूळ फाइलीला हात न लावता तिच्या प्रतीवर हा बदल करावा आणि काय बदलले याची यादी ठेवावी. पुढच्या अभ्यासकाला अनुस्वारांचाच अभ्यास करायचा असेल, तर आपण पुसलेले त्याला परत मिळाले पाहिजे.

पाठ दुसरा : शब्द तोडणे

'स्ट्रस्प्लिट' ही आज्ञा मजकुराचे तुकडे करते. ती रिकाम्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडायला सांगावी. 'फक्त अक्षरे उचल' असे सांगितले तर घोटाळा होतो. काना, वेलांटी, उकार, मात्रा हे यूनिकोडच्या वर्गवारीत 'अक्षर' नसून 'चिन्ह' आहेत. त्यामुळे 'किताब' या शब्दाचे 'क', 'त', 'ब' असे तीन तुकडे पडतात. 'स्ट्रिंगी' नावाच्या संचात शब्दांच्या सीमा ओळखणारी आज्ञा आहे, ती देवनागरीला सुरक्षित आहे.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळ पत्रे मोडीत आहेत, आणि मोडी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. छापील पुस्तकातली शब्दतोड संपादकाने केलेली आहे. एका संपादकाने 'त्या प्रमाणे' छापले आणि दुसऱ्याने 'त्याप्रमाणे', तर एकूण शब्दसंख्या बदलते आणि टक्केवारीचा छेदही बदलतो. म्हणजे आपण मोजायला बसण्यापूर्वीच एक निर्णय झालेला असतो, आणि तो दुसऱ्याने घेतलेला असतो.

पाठ तिसरा : मोजणे आणि खूण करणे

'टेबल' ही आज्ञा प्रत्येक शब्द किती वेळा आला ते सांगते आणि 'सॉर्ट' त्यांना क्रम लावते. पत्रांवर जाण्यापूर्वी हाताने पडताळता येईल असा छोटा मजकूर घ्यावा. सरावासाठी तीन वाक्ये देतो :

सरकारचा हुकूम शहरात आला. शहरातल्या लोकांनी सरकारला अर्ज दिला. अर्जावर सरकारने जबाब दिला नाही, म्हणून लोक पुन्हा शहराबाहेर जमले.

एकूण शब्द १९. 'टेबल' आज्ञा सांगेल की 'दिला' दोनदा आला आणि बाकीचे १७ शब्द एकेकदा. वाचकाला मात्र 'सरकार' तीनदा, 'शहर' तीनदा, 'अर्ज' दोनदा आणि 'लोक' दोनदा दिसतात. आता यांत अरबी-फारसी शब्द किती, ते पाहू.

पहिली रीत अशी : सरकार, हुकूम, शहर, अर्ज, जबाब ही यादी यंत्राला द्यायची आणि तंतोतंत जुळणारे शब्द मोजायला सांगायचे. त्याला तीनच सापडतील : हुकूम, अर्ज, जबाब. प्रमाण १६ टक्के.

दुसरी रीत : प्रत्यय सोडवून मूळ शब्द ओळखायचा. आता सरकार ३, शहर ३, अर्ज २, हुकूम १, जबाब १, असे १० होतात. प्रमाण ५३ टक्के.

तिसरी रीत : 'जमले' या क्रियापदाचे मूळ अरबी 'जमा'शी जोडले, तर ११ होतात आणि प्रमाण ५८ टक्क्यांवर जाते. मुळात परका, पण मराठी धातू होऊन मराठी प्रत्यय घेऊन चालू लागलेला शब्द कोणत्या खात्यात घालायचा, हा इथला प्रश्न आहे.

चौथी रीत : शब्द किती वेळा आला हे न पाहता वेगवेगळे मूळ शब्द किती, एवढेच पाहायचे. ते १२ आहेत (सरकार, हुकूम, शहर, येणे, लोक, अर्ज, देणे, जबाब, नाही, म्हणून, पुन्हा, जमणे). त्यांत अरबी-फारसी ५, म्हणजे ४२ टक्के. 'जमणे' धरल्यास ६, म्हणजे ५० टक्के.

तीन वाक्ये तीच, आणि उत्तरे १६, ४२, ५०, ५३ आणि ५८ टक्के अशी पाच. पाचही आकडे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. फरक पडला तो आपण काय मोजायचे ठरवले त्यामुळे. जुनी टक्केवारी उद्धृत करणाऱ्या कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : छेदात काय धरले आणि अंशात काय?

म्हणून या पाठाचा मुख्य भाग यंत्राबाहेर आहे. खुणांचे नियम कागदावर लिहून काढावेत. शब्द कोणत्या कोशाच्या आधारे फारसी ठरवला? मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दाच्या मुळाची नोंद असते, तिचा आधार घेता येतो. विशेषनामे धरायची की नाही? 'शहराबाहेर'सारखा जोड एक शब्द मानायचा की दोन? नियम ठरले की दोन विद्यार्थ्यांनी एकाच पत्रावर, एकमेकांचे न पाहता, खुणा कराव्यात. दोघांच्या खुणांचे रकाने 'टेबल'ला एकत्र दिले की मतभेद कुठे आहे ते चौकटीत दिसते. जिथे दोघे वेगळे गेले, तिथे बहुधा नियमच अपुरा असतो. तो दुरुस्त करून पुन्हा खुणा कराव्यात.

पाठ चौथा : मूळ शब्दापर्यंत जाणे

इंग्रजीसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हा पाठ एका ओळीत संपतो. मराठीत तो सर्वांत लांब आहे, कारण आपला शब्द विभक्तीआधी सामान्यरूप घेतो : घोडा, पण घोड्याला, पाणी, पण पाण्यात. नुसते प्रत्यय छाटायला सांगितले तर यंत्र 'किल्ला'मधला 'ला' कापते, 'सोने'मधला 'ने' कापते आणि 'रात'मधला 'त'. उरते ते काही शब्द नसते.

'यूडीपाइप' या संचात मराठीचे एक तयार प्रतिमान मिळते. ते शब्दाचे मूळ रूप आणि व्याकरणिक जात सुचवते. पण ज्या वाक्यांवर ते शिकवले गेले ती पाचशेहून कमी आहेत आणि बहुतेक गोष्टींतली आहेत. अठराव्या शतकातल्या वसुलीच्या पत्रावर ते चालवून पाहावे आणि किती ठिकाणी चुकते ते मोजावे. हा स्वतंत्र आणि उपयुक्त सराव आहे. भरवसा मात्र त्यावर ठेवू नये.

यापेक्षा भरवशाची पद्धत आपल्या हातातली आहे. दहा पत्रांतल्या सगळ्या शब्दरूपांची यादी 'यूनिक' आज्ञेने काढावी. तिच्याशेजारी दुसरा रकाना करून प्रत्येक रूपाचे मूळ हाताने लिहावे, तिसऱ्या रकान्यात शब्दाचा स्रोत. 'मर्ज' ही आज्ञा हा तक्ता पत्रांतल्या शब्दांशी जोडते. पहिल्या दहा पत्रांना वेळ लागतो. पुढच्या दहांतली पुष्कळ रूपे आधीच तक्त्यात असतात, म्हणून काम हलके होत जाते. आणि जो तक्ता तयार होतो तो होळकरकालीन पत्रव्यवहाराचा लहानसा शब्दकोशच असतो. व्याकरण शिकलेल्या माणसाचे काम यंत्राने इथे कमी केलेले नाही. त्याच्या कामाला टिकाऊ रूप दिले आहे.

पाठ पाचवा : तुलना करणे

आता प्रत्येक पत्राची टक्केवारी हाती आहे. 'ॲग्रिगेट' आज्ञेने ती सालवार एकत्र करावी आणि 'बारप्लॉट'ने चित्र काढावे. चित्र पटकन पटते, म्हणून त्याच्यापाशी सावध राहण्याची तीन कारणे सांगतो.

पहिले, पत्राचा प्रकार. वसुलीचे पत्र, फौजेच्या हालचालीची बातमी आणि घरगुती खुशालीचे पत्र यांची शब्दसामग्री एकाच दिवशी, एकाच लेखकाची असली तरी वेगळी असते. महसुलाची परिभाषाच फारसीतून आलेली. एका सालचे महसुली पत्र आणि दुसऱ्या सालचे कौटुंबिक पत्र शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक काळाचा की विषयाचा, हे सांगता येत नाही. तक्त्यात 'प्रकार' हा रकाना ठेवला तो याचसाठी. तुलना एकाच प्रकारात करावी.

दुसरे, मायना. पत्राच्या आरंभीचे आणि शेवटचे ठरीव शब्द प्रत्येक पत्रात येतात आणि लहान पत्रात तर निम्मी जागा व्यापू शकतात. मायना आणि मजकूर वेगळे मोजावेत. पत्र ज्याच्या नावाचे त्याच्या हातचे ते असतेच असेही नाही. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतल्या (१७६७–१७९५) दरबारी पत्रावर बाईंचे नाव असले, तरी शब्दरचना कारकुनाची असू शकते. तेव्हा निष्कर्ष काढायचा तो दरबारी लेखनपद्धतीविषयी. व्यक्तीच्या भाषेविषयी नव्हे.

तिसरे, पत्रांची संख्या. समजा आपल्याजवळ ४० पत्रे आहेत. त्यांच्या ४० चिठ्ठ्या करून एक उचलावी, टक्केवारी टिपावी, चिठ्ठी परत टाकावी. असे ४० वेळा करून सरासरी काढावी. ही सगळी कृती हजार वेळा करायची. हाताने अशक्य, पण 'सॅम्पल' या आज्ञेला काही क्षण पुरतात. मिळालेल्या हजार सरासऱ्या चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांच्या २५-२५ सोडल्या की जी पट्टी उरते, ती आपल्या आकड्याची डळमळ दाखवते. दोन काळांच्या पट्ट्या एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या असल्या, तर फरक आहे असे म्हणायला आधार मिळतो. त्या बऱ्याचशा एकमेकींवर चढत असतील, तर आणखी पत्रे टंकित करावीत. एकेका सालचे एकेकच पत्र हाती असेल, तर त्या सालातल्या इतर पत्रांविषयी ही कृती काहीच सांगू शकत नाही.

आणि आपली आजची मराठी?

हेच पाच पाठ आजच्या इंदुरी मराठीवर चालतील का? चालतील, पण एक पायरी वाढवून. हिंदी आणि मराठीत तत्सम शब्द समान आहेत आणि लिपीही एकच, त्यामुळे शब्द पाहून भाषा ओळखता येत नाही. 'शिक्षा' मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. 'चेष्टा' मराठीत थट्टा आणि हिंदीत प्रयत्न. 'संसार' मराठीत घरगृहस्थी आणि हिंदीत जग. यंत्राला या जोड्यांतला फरक कळत नाही. त्यासाठी 'क्वांटेडा' या संचातली 'क्विक' ही आज्ञा वापरावी. ती शब्दाच्या आगचेमागचे पाच-पाच शब्द एका ओळीत मांडून देते, आणि अर्थ वाचून खूण करायचे काम आपल्याकडे येते. शिवाय हिंदीचा प्रभाव शब्दांपेक्षा वाक्यरचनेत अधिक असू शकतो. तो शब्दांच्या यादीत उतरत नाही. त्याच्यासाठी वाक्ये वाचूनच वेगळा रकाना भरावा लागेल.

तरीही हे काम करण्यासारखे आहे. वरच्या तीन वाक्यांत निम्म्याच्या आसपास शब्द अरबी-फारसी मुळाचे असूनही कोणा मराठी वाचकाला ती परकी वाटली नसतील. सरकार, शहर, अर्ज हे शब्द एके काळी बाहेरून आले आणि सामान्यरूपे, विभक्त्या घेऊन मराठी झाले. माळव्यातल्या मराठीने हिंदीतून जे घेतले, त्यांतल्या कोणत्या शब्दांनी मराठीचे प्रत्यय स्वीकारले आणि कोणते तसेच उपरे राहिले, हे मोजता येते. 'हिंदाळलेली' या शेऱ्याला ते खरे उत्तर होईल, मग ते आपल्या बाजूचे निघो वा विरुद्ध.

सुरुवात लहान असावी. एका महाविद्यालयाने एका वर्षात २० पत्रे टंकित करावीत. पत्रांचा तक्ता, शब्दरूपांचा तक्ता आणि खुणांचे नियम एकाच साच्यात ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या गावच्या २० पत्रांशी ते 'आरबाइंड' या एका आज्ञेने जोडता येतील. इंदूर, महेश्वर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर या गावांत मराठी वाचणारे, मराठीचे व्याकरण जाणणारे लोक आजही आहेत. मोडी वाचणारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत, आणि छापील प्रतीवर शंका आली की मूळ कागद त्यांनाच दाखवावा लागतो. या कामातला हा भाग यंत्रावर सोपवता येणार नाही. म्हणून पत्रांची निवड करताना ज्यांची मूळ मोडी प्रत पाहायला मिळते, ती पत्रे आधी घ्यावीत.